अप्पांचा नॅनोकण

ठाणे, कळवा, डोंबिवली, कल्याण आणि पंचक्रोशीतल्या तमाम रसिक जनतेस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, विज्ञानाच्या इतिहासातला सर्वांत मोठा नॅनोकण आमच्या वर्तकनगरात प्रत्यक्ष पाहण्यात आला. त्याचं वजन नव्वद किलोच्या आसपास होतं. त्याने जरीचा फेटा बांधला होता आणि रक्तवाहिनीत शिरण्यापूर्वी गुडघ्यांना तेल चोळून घेतलं होतं. एकाही वर्तमानपत्राने ही बातमी छापली नाही, त्यामुळे हे राष्ट्रकार्य माझ्या गळ्यात पडलं आहे. ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी आपापली गोळी घेऊन बसावं.

सुरुवात अप्पांपासून करायला हवी. अप्पा म्हणजे माझे वडील. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये त्यांची सगळी नोकरी गेली, पण तुम्ही काय करत होता असं कुणी विचारलं तर ते स्टोअरचं नाव काढत नाहीत. "प्रॉम्प्टर होतो," असं सांगतात. आणि समोरचा गोंधळला की खूश होतात.

त्या काळी कारखान्याकारखान्यांत नाट्यमंडळं होती. कामगारांच्या नाट्यस्पर्धा व्हायच्या आणि त्यांची हवा अशी असायची की पावसाळा संपला की लोक बोनसच्या आधी नाटकाची चर्चा करायचे. शिफ्ट सुटली की कँटीनची टेबलं भिंतीला लागायची आणि तालीम सुरू. मी शाळकरी होते. आई डबा देऊन मला पाठवायची आणि मी तिथेच रमायचे. त्या कँटीनचा वास माझ्या नाकात अजून आहे: मटकीची उसळ, मशीनचं तेल आणि बिडी यांचं मिश्रण. आता कुठे सापडत नाही. अत्तरवाल्यांनी बाटलीत भरून विकला तर मी पहिली गिऱ्हाईक.

अप्पा विंगेत स्टुलावर बसायचे. मांडीवर संहिता, तपकिरी कागदाचं कव्हर घातलेली. हातात टॉर्च, तिच्या काचेवर लाल जिलेटीन कागद, म्हणजे उजेड बाहेर सांडू नये. स्टेजवर सहा माणसं उभी असली आणि त्यातल्या एकाचं अडलं, तर अप्पा मान किंचित वळवून असं काही कुजबुजायचे की ते वाक्य त्या एकाच्याच कानात जायचं. बाकी पाच जणांना पत्ता नाही, पहिल्या रांगेला तर नाहीच नाही. हे कसं करता, असं मी विचारलं होतं. ते म्हणाले, आवाज सोडायचा नसतो, पाठवायचा असतो.

या विद्येचा घरातही उपयोग झाला. माझ्या लग्नात पंगतीत घास भरवताना मी उखाण्याची दुसरी ओळ विसरले. अख्खा हॉल माझ्या तोंडाकडे बघतोय. तेवढ्यात जिलबी वाढणाऱ्यांच्या मागून अप्पांनी नवऱ्याच्या नावासकट ती ओळ माझ्या कानात पाठवली. सासूबाई अजूनही चारचौघांत सांगतात, आमची सून काय खणखणीत उखाणा घेते. हे छापून आलं की त्यांना कळेल, पण आता परत पाठवण्याची मुदत संपली आहे.

प्रॉम्प्टरचा एक धर्म असतो आणि तो अप्पांनी कडक पाळला. कागदावर जे आहे तेच द्यायचं. लेखकाने गाढवपणा लिहिला असेल तर गाढवपणा द्यायचा. स्वतःचा शब्द घालायचा नाही, आणि काही झालं तरी प्रेक्षकांना आपला आवाज ऐकू जाऊ द्यायचा नाही. एकदा विंगेत त्यांच्या पायावर लोखंडी स्टँड पडला. त्यांनी हूं की चूं केलं नाही, पुढचं वाक्य दिलं आणि पडदा पडल्यावर कण्हले.

मग कारखाना बंद झाला. मंडळ मोडलं, कपाटातल्या बक्षिसाच्या ढाली कुणी कुठे नेल्या देव जाणे. आता त्या जागी काचेची इमारत आहे, आत पोरं कानात यंत्रं घालून अमेरिकेशी बोलतात. रिक्षा तिथून गेली की अप्पा पार्किंगकडे बोट दाखवतात आणि कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणतात, "इथे विंग होती."

तर असे अप्पा गेल्या वर्षी चढावर चालताना थांबायला लागले. छातीत कुणी मूठ आवळतंय असं वाटतं, म्हणाले. तपासण्या झाल्या, अँजिओग्राफी झाली. डॉक्टरांनी पडद्यावर चित्र दाखवलं. हृदयाच्या तीन रक्तवाहिन्या आतून थर साचून अरुंद झालेल्या. स्टेंटने भागणार नाही, बायपास करावी लागेल, दिवाळी करून या, पण त्यापुढे लांबवू नका, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. अप्पांनी सगळं नीट ऐकून घेतलं. विचार करून सांगतो म्हणाले. जणू डॉक्टरांनी त्यांना भूमिका देऊ केली होती.

नेमकी त्याच दिवाळीत माझी लेक घरी आली. ती दुसऱ्या गावी एका प्रयोगशाळेत संशोधन करते. आम्ही राहतो डोंबिवलीत, कोपरला. आई-अप्पा फराळाला मदत म्हणून वर्तकनगरहून आले होते. म्हणजे आई मदतीला, अप्पा चवीला. मी करंज्या तळत होते आणि अप्पांनी नातीला विचारलं, तू नक्की करतेस काय गं तिथे? एरवी ती "आजोबा, कॉम्प्लिकेटेड आहे" म्हणून सटकते. त्या दिवशी काय मनात आलं कोण जाणे, तिने कढईकडे बोट दाखवलं.

रक्तवाहिनीच्या भिंतीत चरबी शिरते, ती म्हणाली. ती साफ करायला शरीराच्या सफाई पेशी येतात आणि चरबी खातात. पण चरबी संपतच नाही, या खातच राहतात. आई करंजीत सारण कोंबते तशा त्या टम्म फुगतात. प्रत्येक पेशीच्या आत बारीक बारीक वीजघरं असतात, तंतुकणिका, मायटोकॉन्ड्रिया. एवढ्या भाराने ती बिघडतात, धुमसायला लागतात. मग पेशी फुटते, आतला ऐवज बाहेर येतो आणि थर वाढतो. एवढं ती बोलली आणि कढईत माझी एक करंजी फुटली, सारण तेलभर झालं. इतकं वेळेवर प्रात्यक्षिक मी मुद्दाम ठरवूनही देऊ शकले नसते.

आणि तुझं काम काय त्यात, अप्पांनी विचारलं. आम्ही नॅनोकण बनवतो, ती म्हणाली. डोळ्याला कधीच दिसणार नाही इतका बारीक कण, त्याच्या पोटात औषध. त्याला दोन पत्ते माहीत असतात. आधी ती फुगलेली पेशी ओळखायची आणि तिच्यात शिरायचं. आत गेलं की सरळ वीजघर गाठायचं आणि तिथेच औषध सोडायचं. वीजघर शांत झालं की पेशी पुन्हा कामाला लागते.

"आणि बाकीच्यांना पत्ता लागत नाही?" अप्पांनी विचारलं.

"शक्यतो नाही. तोच तर सगळा खटाटोप आहे, आजोबा."

अप्पांनी हातातली चकली ताटलीत ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कारखाना बंद झाल्यापासून पाहिलं नव्हतं. एवढ्या गर्दीत नेमक्या एकाच्या कानात. म्हणाले, हे तर प्रॉम्प्टिंग आहे.

आम्ही सगळे हसलो. हसायला नको होतं. कारण दुसऱ्या दिवशी सकाळी, अभ्यंगस्नान उरकून, कपाळाला गंध लावून, अप्पांनी जाहीर केलं की आपण बायपास करणार नाही. नातीचं औषध येईपर्यंत थांबू.

लेकीने डोक्याला हात लावला. आजोबा, हे अजून उंदरांत आहे, ती म्हणाली.

"बरे झाले का उंदीर?"

"थर कमी झाला त्यांचा, पण—"

"मग झालं तर. उंदराला जमलं ते मला जमणार नाही होय?"

तिने परोपरीने समजावलं. उंदीर आणि माणूस यांच्यात किती टप्पे असतात, किती औषधं मधेच गळून पडतात, आपलंही पडू शकतं, आणि आपलं जमलं तरी कितीतरी वर्षं लागतील. अप्पा प्रत्येक वाक्याला मान हलवत होते, एखाद्या नवशिक्या नटीची तालीम बघावी तसे. आईने तिच्या परीने प्रयत्न केला. म्हणाली, घरात उंदीर मारायचं औषध आणायला सांगितलं तर आठवडाभर विसरतात, आणि आता उंदरांचं औषध हवंय म्हणे. यावरही ते हसले. मागाहून आईशी बोलताना एवढंच म्हणाले की मला बेशुद्ध व्हायचं नाही, प्रॉम्प्टरने डोळे मिटायचे नसतात. म्हणजे खरी गोष्ट साधी होती. अप्पा घाबरले होते, आणि घाबरलेल्या माणसाला नातीने अजाणता एक सुंदर सबब दिली होती.

भाऊबीजेच्या दिवशी लेक बाल्कनीत उभी होती. मी फराळाचं ताट घेऊन गेले तर तिने ते घेतलंच नाही.

"आई, माझ्यामुळे जातील गं आजोबा."

मी ताट कठड्यावर ठेवून तिच्याशेजारी उभी राहिले. मग खाली कुणीतरी उरलेली लवंगी माळ लावली, तिच्या आवाजात माझ्या डोक्यात कल्पना आली. माझ्या सगळ्या चांगल्या कल्पना अशा फटाक्यासारख्याच येतात आणि बऱ्याचदा फुसक्या निघतात.

वर्तकनगरच्या माझ्या माहेरच्या वसाहतीत ज्येष्ठ नागरिकांचा संघ आहे. दर महिन्याला सभागृहात एक व्याख्यान होतं, मग चहा-बटाटेवडा. लेकीला त्यांनी व्याख्यानाला बोलावलेलं होतंच. मी संघात जाऊन सांगितलं की व्याख्यान नको, नाटिका करू. पडद्यावर चित्रं दाखवली तर अर्धी मंडळी वड्यापर्यंत झोपतात. विषय रक्तवाहिनीचा, कलाकार आपलेच, लेखन माझं, शास्त्र लेकीचं. प्रॉम्प्टर अर्थात अप्पा. अप्पा त्या संध्याकाळी अठ्ठावीस वर्षांचे दिसत होते. माळ्यावरून टॉर्च निघाली. लाल जिलेटीन मात्र विरलं होतं, त्यांनी मिठाईच्या पुडक्याचा कागद लावला.

माझा डाव सोपा होता. नाटिकेचं शेवटचं वाक्य मी असं लिहिलं होतं. नॅनोकण रंगमंचाच्या मधोमध उभा राहून हात जोडतो आणि म्हणतो: "आजोबा, मी अजून उंदरांत आहे. मला माणसांत यायला किती वर्षं लागतील ते मलाही ठाऊक नाही. माझ्यासाठी थांबू नका. आधी ऑपरेशन करून घ्या." हे वाक्य अप्पांना तालमीत रोज द्यावं लागणार. रोज दिल्यावर कधीतरी ते आत उतरेल, असा माझा हिशोब.

पात्रयोजना ऐका. फुगलेल्या सफाई पेशी म्हणून वसाहतीतल्या दोन मावश्या, साडीच्या आत उशा बांधून. रक्तवाहिनी म्हणजे चौघांनी ताणून धरलेल्या दोन लाल चादरी. वीजघर म्हणून आमची आई, खुर्चीत बसलेली, अंगाभोवती दिवाळीची लुकलुकती माळ. बिघाड दाखवायचा असला की तिने बटण भराभर दाबायचं. आई म्हणाली, लग्नापासून तेच करतेय, मला तालमीची गरज नाही.

आणि नॅनोकण? कारखान्याच्या नाटकांचे एकेकाळचे नायक आमच्याच वसाहतीत राहतात. मी त्यांना काका म्हणते. ऐंशी पार केलेले, धिप्पाड, आवाज असा की माइक लाजून बाजूला व्हावा. जगातली सगळ्यात सूक्ष्म भूमिका मिळाल्याचं कळल्यावर त्यांनी छाती फुगवून विचारलं, फेटा चालेल ना? लेक म्हणाली, "आई, सीरियसली?" पण काकांना नाही म्हणणारा दिग्दर्शक वागळे इस्टेटमध्ये जन्मला नाही.

या काकांची एक खोड जुनी. टाळीसाठी ते शेवट बदलत. एकदा कर्जापायी घर सोडून जाणाऱ्या बापाचं काम करताना समोर बाया रडायला लागलेल्या बघून त्यांना कळवळा आला आणि त्यांनी जाहीर केलं की आपल्याला लॉटरी लागली आहे. नाटक सपशेल आपटलं, टाळ्या मात्र पडल्या. अप्पा त्यांच्याशी महिनाभर बोलले नव्हते.

तालमी सुरू झाल्या. उसळीचा वास नव्हता, बिडीचा नव्हता, वेदनाशामक मलमाचा होता. पण टेबलं भिंतीला लागली आणि अप्पा स्टुलावर बसले, तेव्हा मी नकळत हातातला डबा शोधला. माझा डाव मात्र साफ फसला. अप्पा ते शेवटचं वाक्य रोज देत, अचूक, थंड, जणू दुधाचा भाव सांगावा तसं. मी एकदा न राहवून विचारलं, अप्पा, काय म्हणतोय तो कण, ऐकलंत का? त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"वाक्य देणं माझं काम. पाळणं नाही."

प्रयोगाच्या दिवशी सभागृह भरलं. नुसतं भरलं नाही. लोक पिशव्या घेऊन आले होते आणि पिशव्यांत रिपोर्ट होते. वसाहतीत बातमी पसरली होती की अमक्याच्या नातीने रक्तवाहिन्यांवर औषध काढलंय. पहिल्या रांगेत एक आजी मांडीवर अँजिओग्राफीची सीडी घेऊन बसल्या होत्या, नैवेद्याच्या वाटीसारखी. लेकीचा चेहरा पांढरा पडला. माझाही पडला असावा, पण मला मेकअप होता.

नाटिका मात्र रंगली. मावश्या इतक्या मनापासून फुगल्या की एकीची उशी सुटून रक्तप्रवाहात पडली. आईने बटण दाबदाबून असा बिघाड केला की सभागृहाचा फ्यूज जातो की काय असं वाटलं. काकांनी फेट्यासकट लाल चादरींतून वाट काढली, थेट आईजवळ जाऊन तिच्या कानात औषध सांगितलं आणि दिवे शांत झाले. टाळ्या पडल्या. शेजारी विंगेत अप्पा ताठ बसले होते, बोट संहितेवर.

काका मधोमध आले. हात जोडले. त्यांनी समोर पाहिलं आणि मला त्यांची पाठ दिसत असूनही कळलं की घात झाला. समोर त्या सगळ्या पिशव्या होत्या, ते चेहरे होते, आजींची सीडी होती. काकांना कळवळा आला.

"माझ्या मित्रांनो," त्यांनी गर्जना केली, "मी आलो आहे."

अप्पांनी वाक्य पाठवलं: आजोबा, मी अजून उंदरांत आहे. काकांच्या कानात ते गेलं, नक्की गेलं, त्यांचा खांदा हलला. पण ते थांबले नाहीत. आता कुणाची छाती उघडायची गरज नाही, म्हणाले, सुया नकोत, टाके नकोत. टाळ्यांचा कडकडाट. अप्पांनी पुन्हा पाठवलं, या वेळी जरा दाबून. काकांनी हात उंचावला, घरी जा आणि निवांत झोपा, मी आलो आहे.

पहिल्या रांगेतल्या आजी शेजारणीकडे वळल्या. त्यांना कमी ऐकू येत असावं, कारण त्यांची कुजबुज विंगेपर्यंत आली. सुनेला सांगते आजच, म्हणाल्या, रद्द कर म्हणून ती हॉस्पिटलची तारीख.

अप्पांनी मान वळवून त्या आजींकडे पाहिलं. मग मांडीवरच्या कागदाकडे. मी त्यांच्या मागेच उभी होते, माझा हात त्यांच्या पाठीवर होता, आणि त्या पाठीत काहीतरी बदललेलं मला कळलं.

पुढचं आधीच सांगून टाकते, कारण शेवटचं वाक्य माझं नाही आणि त्यानंतर मला बोलायला जागा उरत नाही. अप्पांची बायपास तुळशीच्या लग्नानंतरच्या आठवड्यात झाली. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, मधे कुणाचं अडलं का? आजींनी तारीख रद्द केली नाही. अप्पा आता सकाळी संथ चालत जातात, छातीवरची खूण शर्टाच्या वरच्या बटणाआडून डोकावते. दर रविवारी नातीला फोन करतात, आधी उंदरांची खुशाली विचारतात, मग तिची. काकांशी ते महिनाभर बोलले नाहीत. मग काकाच शहाळं घेऊन आले.

पण त्या क्षणी यातलं काहीच झालेलं नव्हतं. काका दोन्ही हात पसरून उभे होते, सभागृह टाळ्या वाजवत होतं. आणि ज्या माणसाचा आवाज उभ्या आयुष्यात एकाही प्रेक्षकाने ऐकला नव्हता, तो स्टुलावरून उठला, एका हातात टॉर्च आणि एका हातात संहिता घेऊन विंगेतून थेट उजेडात आला, आणि टाळ्यांच्या वर आवाज चढवून ओरडला:

"अहो, कसले आलात? तुम्ही अजून उंदरांत आहात! आधी माझं ऑपरेशन, मग तुमची एन्ट्री!"